नांगराची निशाणी आणि गावची शाळा

जुन्या दप्तरांतील कर्जरोखे ज्यांनी पाहिले आहेत त्यांना त्यांचा शेवट परिचित असेल. मोडीतील घट्ट ओळी संपतात, आणि तळाशी कुळाच्या नावापुढे एक लहानसे चित्र काढलेले असते. शेतकऱ्याच्या नावापुढे नांगर, दुसऱ्या कोणाच्या नावापुढे त्याच्या धंद्याचे हत्यार. शेजारी मजकूर असतो, ‘निशाणी नांगराची, दस्तुर अमुक’. म्हणजे खत लिहिणारा निराळा, वाचणारा निराळा, आणि त्या खतावर ज्याची जमीन अडकली तो त्यातील एक अक्षरही न जाणणारा. अहमदनगर, म्हणजे आजच्या अहिल्यानगर जिल्ह्यातील ग्रामीण शाळांचा इतिहास या निशाणीपासून वाचावयास हवा. व्यापारी घराण्यांनी तर तो तेथूनच वाचावा, कारण खताच्या एका बाजूला बहुधा त्यांचेच पूर्वज बसलेले होते.

इ. स. १८७५ च्या मे महिन्यात पुणे जिल्ह्यातील सुपे येथे बाजाराच्या दिवशी दंगा उसळला व तो पाहता पाहता पारनेर, श्रीगोंदे या नगरच्या तालुक्यांत पसरला. इतिहासात तो ‘दख्खनचे दंगे’ म्हणून ओळखला जातो. त्यात मारवाडी व गुजराती सावकारांच्या दुकानांवर जमाव चालून गेले. पण माणसांच्या जिवावर उठण्यापेक्षा त्यांचा रोख कागदांवर अधिक होता. रोखे व वह्या बाहेर काढून त्यांची होळी करण्यात आली. जे वाचता येत नाही ते जाळता तरी येते, इतकाच त्या लोकांपुढे मार्ग उरला होता.

सरकारने चौकशी आयोग नेमला आणि १८७९ मध्ये ‘दख्खन शेतकरी साहाय्य कायदा’ केला. या कायद्यात एक तरतूद अशी होती की शेतकऱ्याचे खत गावनोंदणी अधिकाऱ्यापुढे लिहिले जावे. कुळाला भरण्याची पावती, हिशेबाचा वार्षिक उतारा आणि मागितल्यास पासबुक मिळण्याचा हक्कही त्याच कायद्याने दिला. बँका खेड्यात पोहोचण्याच्या कितीतरी आधी पासबुक कायद्याने खेड्यात आले होते, ही गोष्ट आज पुष्कळांना ठाऊक नसते. मात्र पासबुक हातात आले तरी ते वाचणार कोण? कायदा कागद देऊ शकत होता, अक्षरे देऊ शकत नव्हता.

अक्षरांसाठी पैसा गोळा होत नव्हता असे मात्र नाही. मुंबई इलाख्यात जमीनमहसुलाच्या प्रत्येक रुपयामागे एक आणा लोकल फंडाची पट्टी बसविलेली होती आणि तिचा तिसरा हिस्सा प्राथमिक शाळांकडे जावयाचा होता. ही पट्टी भरणारा शेतकरीच. महात्मा जोतीराव फुले यांनी १८८२ मध्ये हंटर आयोगापुढे निवेदन केले, त्याचा गाभा हिशेबाचाच होता. सरकारी उत्पन्नाचा मोठा वाटा रयतेच्या घामातून येतो आणि शिक्षणावरील खर्चाचा लाभ मात्र वरच्या वर्गांना मिळतो, ही त्यांची तक्रार होती. जमा एका खात्यात आणि खर्च दुसऱ्या खात्यात असा हा प्रकार. पुढे १९११ च्या मार्चमध्ये नामदार गोपाळ कृष्ण गोखले यांनी सक्तीच्या प्राथमिक शिक्षणाचे विधेयक मांडले. त्या वर्षीच्या जनगणनेत देशात शंभर माणसांमागे सहाजणही साक्षर भरले नव्हते. तरीही पुढच्या वर्षी विधेयक तेरा विरुद्ध अडतीस मतांनी फेटाळले गेले. याउलट करवीर संस्थानात राजर्षी शाहू महाराजांनी १९१७ मध्ये मोफत व सक्तीच्या प्राथमिक शिक्षणाचा हुकूम काढून दाखविला.

व्यापारी घरांची स्थिती त्या काळी कशी होती? त्यांच्या मुलांना शाळेवाचून अडत नसे. धूळपाटीवर अक्षर गिरवावे, पंतोजीकडे पावकी, निमकी, अडीचकी घोकावी, आणि दहा-अकराव्या वर्षी दुकानाच्या गादीजवळ बसून रोजमेळ व खतावणी शिकावी, हा क्रम ठरलेला होता. मारवाडातून आलेल्या कुटुंबांच्या वह्या बहुधा महाजनी लिपीत असत, म्हणजे गावातला शिकलेला ब्राह्मण कुलकर्णीसुद्धा त्या सहज वाचू शकत नसे. वहीचे ज्ञान घराण्यातून घराण्यात जाई. ते गावाला शिकवावे असे कोणास वाटण्याचे कारण नव्हते. यात दुष्टबुद्धी असेच असे नाही. सुताराने आपली कसब मुलाला शिकवावी तसेच ते होते. फरक एवढाच, की सुताराच्या अज्ञानी गिऱ्हाइकाचे घर जात नसे.

नगर जिल्ह्यात शाळेचे दार प्रथम ज्यांनी खालपर्यंत उघडले ते अमेरिकन मराठी मिशनचे लोक होत. मिशनने नगरला ठाणे मांडले १८३१ मध्ये. मुलींच्या शाळा चालविणाऱ्या सिंथिया फरार १८३९ पासून नगरला होत्या. त्यांच्या शाळा पाहून फुले दांपत्याला प्रेरणा मिळाली आणि सावित्रीबाईंचे अध्यापनाचे शिक्षणही नगरला झाले. पुढे वडाळा, राहुरी अशा ठिकाणांहून मिशनच्या खेड्यापाड्यांतील शाळा चालत व त्यांत महार-मांग समाजाची मुले प्रामुख्याने शिकत. धर्मांतराचा हेतू त्यात होता हे उघड आहे आणि त्यावर पुष्कळ लिहिले गेले आहे. पण लोकल बोर्डाची शाळा बहुधा देवळात, धर्मशाळेत किंवा चावडीत भरे आणि त्या जागेत ज्यांना प्रवेशच नव्हता त्यांची मुले फार तर ओसरीखाली बसत. या मुलांना छप्पर प्रथम मिशनने दिले, हे मान्य करण्यात कोणताही कमीपणा नाही.

विसाव्या शतकाच्या दुसऱ्या व तिसऱ्या दशकांत इतर समाज जागे झाले. १९१८ मध्ये नगर येथे जिल्हा मराठा विद्या प्रसारक समाज स्थापन झाला. त्यामागे शाहू महाराजांच्या बोर्डिंग चळवळीची प्रेरणा होती. खेड्यात चौथीपुढे शाळा नसे. मुलाने शिकावयाचे तर नगरला यावे लागे, आणि नगरला यावयाचे तर राहण्या-जेवण्याची सोय हवी. म्हणून त्या काळात शाळेइतकेच, किंबहुना शाळेहून अधिक महत्त्व बोर्डिंगला होते. आज वसतिगृह म्हणजे शाळेची जोडसंस्था समजली जाते. तेव्हा वसतिगृह होते म्हणून शाळा गाठता येत होती.

याच सुमारास पाथर्डीचे नाव पुढे येते. पाथर्डी तालुका पर्जन्यछायेतला, डोंगराळ व सदा दुष्काळाच्या तोंडावर असलेला. याच तालुक्यातील चिचोंडी (शिराळ) येथे १९०० साली, म्हणजे छप्पनच्या भीषण दुष्काळात, नेमिचंद या बालकाचा जन्म झाला. १९१३ मध्ये मिरी येथे पूज्य रत्नऋषिजी महाराजांकडून त्याने दीक्षा घेतली आणि पुढे आचार्यश्री आनंदऋषिजी महाराज म्हणून समाजाने त्यांना ओळखले. रत्नऋषिजींच्या प्रेरणेने १९२३ मध्ये पाथर्डी येथे श्री तिलोक जैन ज्ञान प्रसारक मंडळ स्थापन झाले. नगर येथे ज्यांचे देहावसान झाले त्या कविवर्य तिलोकऋषिजींचे नाव त्यास देण्यात आले. नगर किंवा पुण्यासारखे शहर न निवडता पाथर्डीसारख्या आडबाजूच्या गावात ही संस्था उभी राहिली, हे विशेष. पुढे १९३६ मध्ये तिलोक रत्न स्थानकवासी जैन धार्मिक परीक्षा बोर्डही तेथेच निघाले आणि दूरदूरच्या प्रांतांतील साधु-साध्वी व श्रावक-श्राविका पाथर्डीच्या प्रमाणपत्रासाठी परीक्षा देऊ लागले.

तेच १९२३ हे वर्ष सरकारी दप्तरातही लक्षात घेण्यासारखे आहे. त्या वर्षी मुंबई इलाख्याचा प्राथमिक शिक्षण कायदा होऊन शाळा लोकल बोर्डांच्या व नगरपालिकांच्या ताब्यात देण्याचे ठरले. आणि त्याच वर्षी रावबहादूर सीताराम केशव बोले यांचा ठराव कायदेमंडळात संमत झाला. सार्वजनिक पाणवठे, धर्मशाळा व शाळा अस्पृश्य मानलेल्यांना खुल्या असाव्यात, असा तो ठराव. पाणवठ्यांच्या बाबतीत महाडचा इतिहास सर्वांस ठाऊक आहे. शाळांच्या बाबतीत ठराव व ओसरी यांतील अंतर कितीतरी वर्षे तसेच राहिले.

दुसरी वाट कोल्हापूर-साताऱ्याकडून आली आणि तिचा परिणाम पुढे नगरच्या खेड्यांवर फार मोठा झाला. कर्मवीर भाऊराव पाटील हे जन्माने जैन. कुंभोज येथे २२ सप्टेंबर १८८७ रोजी जन्मलेले, ऐतवडे बुद्रुकच्या घराण्यातले, महसूल खात्यातील कारकुनाचे चिरंजीव. कोल्हापूरच्या जैन बोर्डिंगमध्ये राहून ते शिकत होते. अस्पृश्य विद्यार्थ्यांसाठी निघालेल्या मिस क्लार्क वसतिगृहाच्या समारंभास जाऊन आल्यावर त्यांना स्नान करूनच पंगतीस बसण्याचे फर्माविण्यात आले. त्यांनी नकार दिला व बोर्डिंग सोडावे लागले. हा प्रसंग जैन मासिकांत क्वचितच सांगितला जातो. भाऊरावांची जयंती मात्र दरवर्षी अभिमानाने साजरी होते. ‘आपल्या समाजाचे रत्न’ म्हणताना त्या रत्नाला समाजाच्याच बोर्डिंगमधून बाहेर पडावे लागले होते, हेही सांगितले तर अभिमान काही उणा होणार नाही.

४ ऑक्टोबर १९१९ रोजी, विजयादशमीस, कऱ्हाडजवळच्या काले गावी रयत शिक्षण संस्था निघाली. १९२४ मध्ये साताऱ्यास वसतिगृह सुरू झाले. तेथे मराठा, महार, जैन, मुसलमान मुले एकत्र राहत व एका पंगतीत जेवत. २५ फेब्रुवारी १९२७ रोजी महात्मा गांधींच्या हस्ते त्यास छत्रपती शाहूंचे नाव देण्यात आले. धान्य संपले तेव्हा लक्ष्मीबाई पाटील यांनी अंगावरचे दागिने मोडले, शेवटी मंगळसूत्रही दिले. सोवळ्या-ओवळ्याच्या घरात वाढलेल्या त्या माउलीने सर्व जातींच्या मुलांना आईच्या हाताने वाढले, आणि १९३० मध्ये त्या गेल्या. संस्थेच्या इतिहासात त्यांच्या वाट्याला एखादेच पान येते. त्या पानावर खरे तर भांडवलाची पहिली नोंद आहे.

भाऊरावांच्या अर्थव्यवस्थेतील सर्वांत विलक्षण गोष्ट म्हणजे मुष्टिफंड. बाईने जात्यावर दळावयास बसताना एक मूठ धान्य बाजूच्या मडक्यात टाकावे, आणि ठरल्या दिवशी ते वसतिगृहाकडे जावे. हिशेबाच्या दृष्टीने ही रक्कम क्षुल्लक वाटेल. पण मूठ टाकणारीला ती रोज पहाटे आठवण करून देई की शाळा आपली आहे. सरकारी पट्टी भरणाऱ्याला तसे कधी वाटले नाही.

येथे व्यापारी घरांनी आपल्या ‘धर्मादा’ खात्याकडेही पाहावे. बाजारपेठेत माल विकावयास आलेल्या शेतकऱ्याच्या पट्टीतून हमाली, तोलाई यांबरोबर धर्मादा म्हणून काही रक्कम कापून घेण्याची रीत सर्वत्र होती. ती रक्कम दुकानाच्या वहीत वेगळी जमा होई आणि तिच्यातून पांजरपोळ, धर्मशाळा, पाणपोई, पाठशाळा अशी कामे चालत. कामे चांगली होती, अनेक ठिकाणी उत्तम होती. पण दगडी पाटीवर नाव लागे ते पेढीचे. ज्याच्या पोत्यातून पैसा निघाला त्याचे नाव कोठेच नसे, आणि बहुतेक वेळा त्याचे मूल त्या पाठशाळेत नसे. दान कोणी दिले याचा निर्णय पाटीवरून होत नाही, वहीवरून होतो. आजही ज्यांच्या घरी जुन्या वह्या शिल्लक आहेत त्यांनी धर्माद्याचे पान एकदा उघडून पाहावे. त्यातील जमेच्या बाजूस गावांची नावे आढळतील.

१९३७ नंतर बाळासाहेब खेर यांच्या मंत्रिमंडळाच्या काळात स्वेच्छेने चालविलेल्या शाळांना उत्तेजन मिळाले. जेथे लोकल बोर्डाची शाळा पोहोचत नव्हती तेथे गावाने जागा द्यावी, संस्थेने शिक्षक द्यावा, सरकारने थोडे अनुदान द्यावे, अशी ही योजना. रयत शिक्षण संस्थेने अशा शेकडो शाळा काढल्या. संस्थेचा विस्तार पुढे नगर जिल्ह्यातही झाला; तिच्या उत्तर विभागाचे कार्यालय नगरलाच आहे आणि श्रीरामपूरचे बोरावके महाविद्यालय तिचेच. जिल्ह्याच्या उत्तरेकडे पाटपाणी व साखर कारखाने आले, त्यांच्यामागून कारखान्यांच्या शिक्षण संस्था आल्या. दक्षिणेकडील पाथर्डी-शेवगावकडे पाणी आले नाही, तेथून माणसेच कारखान्यांकडे गेली.

पाथर्डीचे तिलोक जैन विद्यालय आजही चालू आहे. जैन घरे बरीचशी नगर-पुण्याकडे स्थलांतरित झाली, आणि वर्गांत आता मोठ्या संख्येने शेतकऱ्यांची व ऊसतोड कामगारांची मुले बसतात. दिवाळीच्या सुमारास त्या तालुक्यातील बिऱ्हाडे ट्रक-ट्रॅक्टरवर चढतात आणि मुकादमाच्या उचलीचा कागद त्यांच्यामागे असतो. त्या कागदावर आईबापांचा अंगठा असला तरी तो वाचून दाखविणारे मूल आता पुष्कळ घरांत आहे. आईबाप उसाच्या फडात असताना त्या मुलाने शिकावयाचे तर सहा महिने त्याचे राहण्या-जेवण्याचे काय, हा प्रश्न मात्र १९१८ सालच्या बोर्डिंगवाल्यांपुढे होता तसाच गावोगाव उभा आहे. ज्या पेढ्यांच्या वहीत अजून धर्मादा खाते आहे त्यांनी यंदाच्या पाडव्याच्या वहीपूजनाआधी त्यातील शिल्लक काढून पाहावी.