एकोणीस दिवसांतली वीस मिनिटं

मित्रहो, "साहेब मीटिंगला गेलेत, उद्या या" हे वाक्य न ऐकलेला एक तरी विद्यार्थी आपल्या हॉस्टेलवर असेल का? गेल्या वर्षी गावाकडच्या एका कार्यालयात माझ्या उत्पन्नाच्या दाखल्याला एकोणीस दिवस लागले. तोवर शिष्यवृत्तीच्या फॉर्मची तारीख गेली आणि पूर्ण फी बाबांनी भरली. (कार्यालयाचं नाव सांगत नाही, यंदा परत तिथेच जायचंय!)

सहज हिशेब मांडला. तपासणी, नोंद, सही, शिक्का मिळून काम फार तर वीस मिनिटांचं. बाकी दिवस कागद टेबलावर नुसता पडून. टोयोटाच्या ताईची ओनोंनी वाया जाणाऱ्या गोष्टींना 'मुदा' म्हटलं, त्यात वाट पाहणंही येतं. आपण ते पाठ करतो, पेपरात लिहितो आणि विसरतो.

"सरकारी ऑफिसात असलं काही चालत नाही" असं म्हणणाऱ्यांनी आपल्याच राज्याकडे बघावं. १९८०च्या दशकात अहमदनगरचे जिल्हाधिकारी अनिलकुमार लखिना यांनी कार्यालयाची आणि दप्तराची मांडणीच बदलली. तोच 'लखिना पॅटर्न'. २०१७ मध्ये पुण्याचे विभागीय आयुक्त चंद्रकांत दळवी यांनी 'झिरो पेंडन्सी अँड डेली डिस्पोजल' राबवलं, म्हणजे रोजचं काम रोज हातावेगळं करायचं. २०१५ च्या लोकसेवा हक्क कायद्याने तर मुदतीत सेवा मिळणं हा हक्कच झाला. पण मुदत पंधरा दिवसांची असली की वीस मिनिटांचं कामही पंधराव्या दिवशीच होतं, हा आपला स्वभाव. आपली सबमिशन्स आठवा!

अर्थात दिसेल ते छाटायचं असंही नाही. कर्जतला गाडीला मागून बँकर लावतात तेव्हा घाईतल्या माणसाला ती मिनिटं फुकट वाटतात. पण बोरघाटाचा चढ आहे सदतीसला एक. २०२३ पासून धावणाऱ्या मुंबई-सोलापूर वंदे भारतला बँकर लागत नाही, कारण तिची मोटारींची ताकद डब्यांतच वाटलेली आहे. आधी गरज संपली, मग बँकर गेला.

दाखल्यावरची तिसरी सही बँकर आहे की मुदा, हे बाहेरून कळत नाही. तिथल्या क्लार्कलाच विचारायला हवं. तो बिचारा आळशी नसतो, त्याच्यापुढचा ढीग आपण पाहिलेला नसतो.

म्हणून सरांना एक विनंती. फायनल इयरच्या प्रोजेक्टला दरवर्षी तीच ती मॉडेल्स करण्यापेक्षा आम्हा चौघांना रीतसर पत्र द्या. मावळातल्या एखाद्या कार्यालयात आठवडाभर स्टॉपवॉच घेऊन दहा अर्जांच्या मागे फिरतो. चहाचा खर्च आमचा.