आई, आजी, सून... आणि नाव?

परवा माझी मावशी निफाडहून आली ती थेट रामकुंडावर. मी म्हटलं, घरी तरी ये आधी, चहा घे. तर म्हणाली, "चहा नंतर. आधी उपाध्यांकडे चल. वंशावळ काढायचीय." तिच्या दिराला कसल्याशा दाखल्यासाठी पणजोबांच्या आधीची नावं हवी होती आणि घरात कुणालाच ती सांगता येत नव्हती. नाशिकला तीर्थोपाध्यांकडे आपल्या कुळाची वही असते, एवढं मात्र तिला तिच्या सासूनं सांगून ठेवलेलं.

नाशिककर मैत्रिणींना या वह्या नव्या नाहीत. गाव, आडनाव सांगितलं की गुरुजी लांबट, लाल कापडात बांधलेली नामावळ काढतात. कोण कधी आलं, बरोबर कोण होतं, कुणाचा मुलगा, कुणाचा भाऊ. मागची पानं मोडीत, पुढची बाळबोध, शेवटची बॉलपेननं. मावशीचे चुलतसासरे सापडले, त्यांचे वडील सापडले. मग गुरुजी सहज वाचून गेले, "...व त्यांचे कुटुंब..." आणि पुढे एक नाव. मावशी एकदम गप्प झाली. ते नाव तिनं पंचेचाळीस वर्षांच्या संसारात कधी ऐकलंच नव्हतं. तिच्या आजेसासूचं.

सध्या महाराष्ट्रात जुन्या कागदांना कधी नव्हे एवढा भाव आलाय. २०२३ च्या सप्टेंबरात सरकारनं निवृत्त न्यायमूर्ती संदीप शिंदे यांची समिती नेमली आणि कुणबी नोंदी शोधायला सुरुवात झाली. तेव्हापासून तहसील कचेऱ्यांतली बासनं सुटली, शाळांची जुनी दाखलारजिस्टरं निघाली, जन्ममृत्यूची कोतवाल बुकं धुंडाळली गेली. मोडी वाचणाऱ्यांना आयुष्यात पहिल्यांदा मागणी आली. आरक्षणाच्या वादात मी इथे शिरत नाही, ती बाजू तुम्ही रोज वाचता. मला दिसली ती एक वेगळीच गोष्ट. या शोधात सगळं लक्ष आजा, पणजा, खापरपणजा या सरळ रेषेवर असतं. जातीची नोंद वडिलांकडूनच धरतात, त्यामुळे बाईच्या माहेरचा कागद त्या फायलीत उपयोगाचा नसतो. म्हणजे घरातला जुना कागद हातात आला तरी त्यातली बाई वाचायचं कारणच उरत नाही.

हे काही फक्त तुमच्या-माझ्या घरातलं नाही. नाव काढलं की छाती फुगावी अशा घराण्यांतही हेच झालंय. २०२५ च्या जुलैत युनेस्कोनं मराठ्यांचे बारा किल्ले जागतिक वारशाच्या यादीत घेतले. आपल्या जिल्ह्यातला साल्हेर त्यात आहे, म्हणून नाशकात कौतुक झालं. त्याच यादीत खांदेरी, सुवर्णदुर्ग आणि विजयदुर्गही आहेत. हे तिन्ही समुद्रावरचे किल्ले ज्या एका घराण्याच्या नावाशी जोडलेत, ते आंगऱ्यांचं. कान्होजी आंगरे, मराठ्यांच्या आरमाराचे सरखेल, १७२९ मध्ये गेले. त्यांच्यामागे मुलं, नातू, पणतू अशी शंभरावर वर्षं या घराण्यानं कोकणचा किनारा सांभाळला. एका घरानं पिढ्यान्पिढ्या दर्या राखला, अशी उदाहरणं आपल्याकडे किती आहेत?

पण या घरातल्या बायका शोधायला गेलं तर कुठे जावं लागतं, ऐका.

१७५६ चा फेब्रुवारी. कान्होजींचा मुलगा तुळाजी याच्याविरुद्ध इंग्रज आणि पेशवे एकत्र आले होते. तुळाजी पेशव्यांच्या छावणीत गेलेला, आणि इकडे इंग्रजांनी विजयदुर्गाच्या बंदरात सगळं आरमार जाळून किल्ला घेतला. आत तुळाजीची आई, बायका आणि लेकरं होती. इंग्रज आरमाराचा प्रमुख वॉटसन त्यांना भेटायला गेला. ती म्हातारी त्याला म्हणाली, की इथल्या माणसांना आता राजा नाही, मला मुलगा नाही, सुनांना नवरा नाही आणि या पोरांना बाप नाही. वॉटसन म्हणाला, मी तुमचा बाप आणि मित्र होईन. तेव्हा सहा वर्षांच्या नातवानं त्याचा हात धरला आणि म्हटलं, मग तुम्हीच माझे बाबा. वॉटसनच्या डोळ्यांत पाणी आलं.

हे कुणी लिहून ठेवलं? वॉटसनबरोबर आलेला जहाजावरचा डॉक्टर एडवर्ड आइव्ह्ज यानं, आपल्या प्रवासवर्णनात. पुस्तक १७७३ मध्ये लंडनला छापलं गेलं. किल्ला जिंकून घेणाऱ्याच्या पुस्तकात आपल्या बाईचं हे बोलणं टिकलं, आणि त्यातही ती आई आहे, आजी आहे, नावानं नाही.

आता दुसरी बाई बघा. १७१२ च्या नोव्हेंबरात कारवारहून मुंबईला निघालेलं इंग्रजांचं एक छोटं जहाज कान्होजींच्या गलबतांनी धरलं. लढाईत कंपनीचा अधिकारी चाऊन मेला, त्याची तरुण बायको कॅथरीन कैद झाली. तीस हजार रुपये खंडणी देऊन तिला पुढच्या वर्षी सोडवली. तिचं पहिलं लग्न तेरा-चौदाव्या वर्षी एका म्हाताऱ्या अधिकाऱ्याशी लावलेलं. म्हणजे बघा, आपल्याकडचीच गोष्ट! तो मेला, मग हा चाऊन, त्यानंतर तिसरा नवरा गिफर्ड, जो १७२१ मध्ये केरळात अट्टिंगळला मारला गेला. मग त्याच्या हिशेबावरून तिचं आणि कंपनीचं वर्षानुवर्षं भांडण. हे सगळं आज आपल्याला इतकं बारीक माहीत आहे, कारण कंपनीचे कारकून पैसा न् पैसा लिहीत होते आणि लिहिलेलं इंग्लंडला पाठवत होते. तिच्यावर कुणाचं फार प्रेम होतं म्हणून नव्हे. तिच्या डोक्यावर तीस हजारांची नोंद होती म्हणून.

त्याच कागदांत कान्होजी 'चाचे' ठरले. ते 'सरखेल' कसे होते, हे सांगायला आपल्याला मराठी कागद उकलावे लागले. ते उकलणारी माणसंही वेडीच म्हणायची. राजवाडे गावोगाव फिरले, वाड्यावाड्यांतून दप्तरं मागत. शेवटी आपल्या शेजारी धुळ्याला १९२६ मध्ये वारले, त्यांचं मंडळ अजून तिथे आहे. सरदेसायांनी पेशवे दप्तरातून निवडून पंचेचाळीस खंड काढले. पारसनिसांनी धावडशीच्या ब्रह्मेंद्रस्वामींचा पत्रव्यवहार १९०० मध्ये छापला. या स्वामींना मोठमोठ्या घरांतल्या बायका पत्रं लिहीत, त्यांत आंगऱ्यांच्या घरातल्याही होत्या. म्हणजे त्या बायकांचा आवाज होता. तो टिकला कुठे? घरात नव्हे, ज्यांना लिहिलं त्यांच्या मठात. मला हे फार लागलं. आपली पत्रं आपल्या घरात टिकत नाहीत, समोरच्यानं जपली तर टिकतात.

आणि सकवारबाई? तिची गोष्ट तर पाठ्यपुस्तकात असायला हवी होती. १७९९ मध्ये बाबूराव आंगऱ्यांनी कुलाबा घेतला, जयसिंग आंगरे कैद झाले. त्यांची बायको सकवारबाई हिनं माणसं जमवली, लढली, खांदेरी ताब्यात घेतली. खांदेरी द्या, नवरा सोडतो, असं वचन तिला दिलं गेलं. तिनं किल्ला दिला. नवऱ्याला मारण्यात आलं. ही हकिगत १८८३ च्या कुलाबा जिल्ह्याच्या इंग्रजी गॅझेटियरमध्ये आहे. आज खांदेरी जागतिक वारसा झाली. तिथे होडीनं जाणाऱ्या किती जणींना हे नाव कुणी सांगत असेल?

पुढे १८३८ मध्ये राघोजी गेले, मागून जन्मलेलं बाळही काही महिन्यांतच गेलं, विधवांना दत्तक घेऊ दिला नाही आणि १८४० मध्ये कुलाबा खालसा झाला. त्याच वर्षी आपल्या नाशकात वाचनालय सुरू झालं, आजचं सार्वजनिक वाचनालय. तिथे जुन्या पोथ्या आहेत. कुठे संपलं आणि कुठे सुरू झालं!

मग वाटतं, दुसरीकडे हे वेगळं होतं का? अमेरिकेतलं एक आरमारी घर घ्या. सॅम्युअल फ्रान्सिस ड्यू पाँट हा त्यांच्या यादवी युद्धातला नौदल अधिकारी. तो बायकोला, सोफीला, बोटीवरून सतत लिहायचा. त्या युद्धातल्या पत्रांची निवड १९६९ मध्ये तीन खंडांत छापली गेली. पण खरी गंमत पुढे आहे. डेलावेअरमधल्या हॅग्ले ग्रंथालयात त्याचे कागद आहेत तसे तिचेही आहेत. तिच्या डायऱ्या, तिनं लहानपणी काढलेली घरच्यांची थट्टेची चित्रं, कोण पडलं, कोण रुसलं. इतिहासाच्या अभ्यासकांना आज तीही तितकीच मोलाची वाटतात. तिकडच्या लोकांना बायकांचं कौतुक जास्त, असा अर्थ मी काढत नाही. बंदुकीच्या दारूचे कारखाने असलेलं श्रीमंत घर, कोरड्या खोल्या, फेकायची घाई नाही. गरीब घरातल्या अमेरिकन बाईच्या चिठ्ठ्याही कचऱ्यातच गेल्या असणार. पण सोफीच्या घरात निदान कुणीतरी, हे तिचं आहे, ठेवू या, असं म्हटलं.

आपल्याकडे असं म्हणायची वेळ आता आलीय. १ मे २०२४ पासून महाराष्ट्रात जन्मलेल्या मुलांच्या सरकारी कागदांत स्वतःचं नाव, मग आईचं नाव, मग वडिलांचं आणि आडनाव असा क्रम सक्तीचा झाला. घरोघर त्यावर विनोद झाले, नाव केवढं लांब म्हणून. पण हे काही आकाशातून पडलं नाही. १९८६ च्या नोव्हेंबरात आपल्या चांदवडला शेतकरी संघटनेचं महिला अधिवेशन झालं, बायका बैलगाड्यांनी, ट्रकांनी आल्या. पुढे त्याच संघटनेच्या लक्ष्मीमुक्तीच्या मोहिमेत नवऱ्यांनी जमिनीचा तुकडा बायकोच्या नावावर करावा, असं सांगितलं गेलं. सातबाऱ्यावर नाव नसलेली बाई नवरा गेल्यावर कशी दारोदार फिरते, ते माझ्या-तुमच्यातल्या अनेकींनी डोळ्यांनी पाहिलंय.

सरकारी कागदाचं झालं. घरच्या कागदाचं काय? वाडा पाडून इमारत बांधायला दिली की पहिली ट्रंक भंगारवाल्याकडे जाते. माझ्याच घरात हे झालं, आणि देणारी मी होते, दुसरं कुणी नाही. सासऱ्यांच्या खरेदीखतांची फाईल मी नीट बाजूला काढली. सासूबाईंची हिशेबाची वही, तिच्यात मागच्या पानांवर बाळंतविड्याच्या याद्या, हळदीकुंकवाला कोण आल्या, कुणाला किती उसने दिले, सगळं रद्दीत. किलोवर. पुढे नणंदेनं विचारलं, आईला सोनं घातलं होतं ते कधी मोडलं गं? उत्तर त्या वहीत होतं.

म्हणून सांगते, जाता जाता चार गोष्टी. फाटलेल्या कागदाला सेलोटेप लावू नका आणि जुना कागद लॅमिनेट तर मुळीच करू नका, पुन्हा सुटत नाही. धुतलेल्या सुती कापडात बांधा, वेखंडाचा तुकडा ठेवा, भिंतीला आणि जमिनीला टेकवू नका. फोटोच्या मागे मऊ शिसपेन्सिलीनं नावं लिहा, आणि 'काकू' नको, नाव लिहा, माहेरच्या नावासकट. मोडी असेल तर घाबरू नका, पुराभिलेख विभागाचे मोडीचे वर्ग होतात, वाचणारी तरुण मुलं आहेत. आणि मोबाईलवर फोटो काढून दोघी-तिघींकडे ठेवा. फक्त आधार, खातं यांचे नंबर असलेला कागद ग्रुपवर टाकू नका एवढं भान राखा.

२०२७ च्या सिंहस्थाची गडबड नाशकात आधीपासूनच सुरू आहे, रस्ते खणलेत. पर्वणीला येणारे कितीतरी जण नामावळीत सह्या करतील. तेव्हा मावशीचं राहिलेलं सांगते. गुरुजींनी जुनी पानं मिटली आणि नवीन पान उघडून विचारलं, पुढच्या पिढीत कोण? मावशीला नातू नाही, दोन नाती. ती क्षणभर घुटमळली, माझ्याकडे बघितलं. मी काही बोलले नाही. मग म्हणाली, "दोघी आहेत. लिहाल का?"

गुरुजींनी पेनचं टोपण काढलं. "सांगा की. सावकाश सांगा. हल्लीची नावं अवघड असतात."