रस्ता आणि रान



गोदाकाठच्या गावांत हल्ली कुठेही बैठकीला बसा, पाऊस आणि बाजारभाव झाला की तिसरा विषय रस्त्याचा निघतो. कुणाच्या शिवारात मोजणीवाले आले, कुणाच्या बांधाला दगड बसला, कुणाला किती मिळाले. म्हणून आजच्या सदरात पिकाला विश्रांती देऊन रस्त्याविषयी बोलू. रस्ता रानातूनच जातो, तेव्हा हा विषय शेतीबाहेरचा नाही.

नगर-मनमाड रस्ता आपल्या सगळ्यांच्या पायाखालचा. जिल्ह्याचे नाव २०२४ मध्ये अहिल्यानगर झाले, पण रस्त्याला लोक अजून नगर-मनमाडच म्हणतात. नगरहून निघाला की विळद, राहुरी, कोल्हार, बाभळेश्वर, राहाता, शिर्डी, सावळीविहीर, कोपरगाव, येवला करीत तो मनमाडला पोचतो. वाटेत मुळा, प्रवरा आणि गोदावरी अशा तीन नद्या ओलांडतो. या एका रस्त्यावर राहुरीचे कृषी विद्यापीठ आहे, बाभळेश्वरचे कृषी विज्ञान केंद्र आहे, आणि जरा आत वळले की प्रवरानगर. तिथेच १९५० च्या अखेरीस सहकारी साखर कारखान्याचे पहिले गाळप सुरू झाले. कागदोपत्री मात्र हा एक रस्ता राहिलेला नाही. देशातल्या महामार्गांचे क्रमांक २०१० मध्ये नव्याने लावले गेले. आता नगर ते सावळीविहीर हा भाग राष्ट्रीय महामार्ग १६० मध्ये मोडतो आणि तो तिथून डावीकडे सिन्नरला वळतो. सावळीविहिरीपासून कोपरगाव-येवला-मनमाड हा ७५२-जी. दरखास्त किंवा हरकत लिहिताना हा फरक लक्षात असू द्या. चुकीच्या क्रमांकाचा अर्ज टेबलावरून टेबलावर फिरत राहतो.

पुणतांब्याची गंमत अशी, की चांगदेवांच्या समाधीचे हे मोठे जुने गाव, नदीला घाट, पण हमरस्ता बाजूने निघून गेला. गावाच्या वाट्याला आली ती आगगाडी. १८७६ ते १८७८ च्या मोठ्या दुष्काळात दौंड-मनमाड लोहमार्गाचे मातीकाम दुष्काळी कामावरच्या माणसांनी केले आणि १८७८ मध्ये गाडी धावू लागली. पुढे २००९ मध्ये पुणतांब्याहून शिर्डीला सुमारे सतरा किलोमीटरचा फाटा निघाला. रस्त्यावर मात्र गावाचे नाव दिसते ते कोपरगावजवळच्या पुणतांबा फाट्यावर. फाट्याला नाव आपले आणि दुकाने दुसऱ्यांची!

आता नवा समृद्धी महामार्ग पाहा. नागपूर ते मुंबई ७०१ किलोमीटर, दहा जिल्ह्यांतून. आपल्या जिल्ह्यात तो फक्त कोपरगाव तालुक्यातून जातो. नागपूर-शिर्डी टप्पा ११ डिसेंबर २०२२ रोजी आणि शेवटचा इगतपुरी-आमणे टप्पा ५ जून २०२५ रोजी सुरू झाला. हा राष्ट्रीय महामार्ग नव्हे, राज्याच्या रस्ते विकास महामंडळाचा आहे. पहिल्यांदा जमिनी एकत्र करून विकसित भूखंड परत देण्याची योजना पुढे आली होती. शेतकऱ्यांचा विरोध झाला, मग थेट खरेदीचा मार्ग निघाला. म्हणजे एकजुटीने विचारले तर कागद बदलतो. हे पुणतांब्याला मी काय सांगावे? १ जून २०१७ चा शेतकरी संप याच गावच्या ग्रामसभेतून निघाला. दूध आणि भाजीपाला रस्त्यावर आला नाही तेव्हा शहरांना शेत आठवले.

तुमच्या रानातून उद्या राष्ट्रीय महामार्ग जायचा झाला, तर १९५६ चा कायदा लागतो. पहिली अधिसूचना निघाली की हरकतीला एकवीस दिवस मिळतात. हे एकवीस दिवस फार मोलाचे. पुढची अधिसूचना निघाली की जमीन सरकारची होते आणि मग भांडण उरते ते फक्त रकमेचे; ती मान्य नसेल तर लवादाकडे जाता येते. म्हणून आजच सातबारा काढून बघा. विहीर, बोअर, पाइपलाइन, फळझाडे यांची नोंद त्यावर आहे का? डाळिंबाची बाग उभी आणि उताऱ्यावर बाजरी, असे पुष्कळ ठिकाणी दिसते. नोंद नसेल तर मोबदला मागताना आपणच खोटे ठरतो. भाऊहिस्से तोंडी असतील तर तेही कागदावर आणा, बहिणींची नावे न गाळता. पैसा आल्यावर वाटणी करू म्हणणाऱ्यांची प्रकरणे कोर्टात अडकतात आणि पैसाही तिथेच पडून राहतो.

रकमेपेक्षा मला जास्त काळजी वाटते ती पाण्याची. आपला भाग गोदावरी कालव्यांचा. नांदूर मधमेश्वरच्या बंधाऱ्यातून हे पाणी शंभर वर्षांहून अधिक काळ येते आहे. जमीन काळी, खोल, निचऱ्याला मंद. अशा रानात उंच भराव पडला की वरच्या बाजूचे पाणी अडते. पहिल्या वर्षी कळत नाही. दुसऱ्या-तिसऱ्या वर्षी भरावालगतचा ऊस पिवळा दिसतो, मग मातीवर पांढरे फूल येते, आणि चार-पाच हंगामांत चांगले रान चोपण होऊन बसते. याला नंतर खत घालून उपाय नाही. जिथे पूर्वीपासून पाणी वाहते तिथे मोरी हवी, आणि मोरीचे तोंड ओढ्यापर्यंत चारीने जोडलेले हवे. काम चालू असतानाच गावाने शिवारफेरी करून अशा जागा नकाशावर दाखवाव्यात व लेखी द्याव्यात. रस्त्याच्या दोन्ही अंगांना रान राहणार असेल तर भरावाखालून मोठा नळ आधीच टाकून घ्या. पुढे त्यातून पाइपलाइन ओढता येते. नाहीतर विहीर अलीकडे आणि कांदा पलीकडे!

समृद्धीसारख्या बंदिस्त रस्त्यावर दुचाकी, ट्रॅक्टर, बैलगाडी यांना मज्जाव असतो. तेव्हा भुयारी वाट कुठे आहे आणि तीतून उसाची ट्रॉली निघते का, हेही पाहून घ्यावे. शेतरस्ताच तुटला असेल तर जमीन महसूल संहितेच्या कलम १४३ खाली तहसीलदारांकडे मागणी करता येते. आणि भरावासाठी माती विकू नका. मुरूम काढून शेततळे होत असेल तर हरकत नाही, पण वरची काळी माती गेली की ती आपल्या हयातीत परत येत नाही.

रस्त्याचा फायदा कसा घ्यावा याचा एक नमुना जपानचा आहे. त्यांचा पहिल्या क्रमांकाचा राष्ट्रीय महामार्ग तोक्योहून ओसाकाला जातो. तो जुन्या तोकाइदो नावाच्या वाटेने. त्या वाटेवर त्रेपन्न मुक्कामाची ठाणी होती आणि प्रवाशांची सोय करून ती गावे जगली. मोटारी आल्यावर त्यांनी हीच कल्पना नव्या रूपात आणली. १९९३ पासून तिथे महामार्गांवर सरकारमान्य थांबे उभे राहिले, आज ते बाराशेच्या वर आहेत. गाडी लावायला फुकट जागा, चोवीस तास स्वच्छ संडास आणि शेजारी गावच्या मालाचे दुकान. पुष्कळ ठिकाणी शेतकरी सकाळी माल आणून ठेवतो, पुडीवर स्वतःचे नाव आणि स्वतःचा भाव लिहितो. राहात्याचा पेरू आपणही रस्त्याकडेला विकतो, पण उन्हात, धुळीत, गाडीच्या चाकाशी. शिर्डीला जाणारा प्रवासी या फाट्यांवरून रोज जातो. ग्रामपंचायत आणि बचत गटांनी मिळून सावली, पाणी आणि संडास एवढी सोय केली, तर त्याला थांबायला कारण मिळेल. भगिनींनी यात पुढाकार घ्यावा. हिशेब त्यांच्याकडे नीट राहतो.

आता गळिताचा हंगाम लक्षात ठेवून शेवटचे सांगतो. उसाच्या ट्रॉलीला मागे लाल रिफ्लेक्टर नसेल तर ती रात्री हमरस्त्यावर आणूच नका. बिघाड झाला तर डांबरावर उभी न करता साइडपट्टीवर घ्या, मागे पुरेशा अंतरावर दिवा किंवा झाडाची फांदी ठेवा, आणि पुढे निघताना चाकाखालचा दगड काढायला विसरू नका. मागून येणाऱ्या मोटारसायकलवाल्याला काळा ऊस अंधारात दिसत नाही. ट्रॅक्टर भाड्याचा असला तरी ऊस आपला असतो; तेव्हा ट्रॉली भरण्याआधी मागे जाऊन एकदा बघायचे काम मालकाचे. रिफ्लेक्टरची पट्टी ट्रॅक्टरच्या सुट्या भागांच्या दुकानात मिळते आणि ती चिकटवण्याआधी पत्रा पुसून कोरडा करावा लागतो, नाहीतर आठ दिवसांत सुटते.

पुढच्या खेपेला खोडव्यातील पाचट न जाळता कसे कुजवावे, ते पाहू.