‘मुक्त’ कारागिराच्या पायांतील बेड्या

भिलाईच्या पोलाद कारखान्यात पाळी ठरलेल्या घटकेला सुरू होते आणि ठरलेल्या घटकेला संपते. तेथून सुमारे तीस किलोमीटरवर, रायपूरच्या शंकर नगरात, असाही एक कारखाना चालतो की ज्याला पाळी नाही, फाटक नाही आणि हजेरीपटही नाही. घराच्या वरच्या मजल्यावरील एक खोली, एक संगणक, वीज गेल्यास आधाराला एक बॅटरी आणि त्यासमोर बसलेला एक तरुण अथवा तरुणी, एवढाच त्याचा पसारा. येथे वेबसाइटी घडविल्या जातात. घडविणाऱ्याला ‘फ्रीलान्सर’, म्हणजे मुक्त व्यावसायिक, असे भारदस्त नाव आहे. हा शब्द मुळात इंग्रजीत भाडोत्री भालाईतासाठी वापरला गेला. जो पैसे देईल त्याच्यासाठी लढणारा, पण कोणत्याही सरदाराच्या पागेतून शिधा न मिळणारा, असा हा शिपाई. आजच्या कारागिराची स्थिती या मूळ अर्थाच्या फारशी पलीकडे गेलेली नाही.

रायपूरमधील अनेक मराठी घरांचा इतिहास नागपूरकर भोसल्यांच्या अमदानीपर्यंत मागे जातो. तात्यापारा हे नाव आजही त्याची साक्ष देते. पुढील पिढ्या रेल्वेत, शाळांत, सरकारी कचेऱ्यांत आणि १९५९ नंतर भिलाईच्या भट्ट्यांवर कामाला लागल्या. त्या पिढ्यांना पगार थोडा मिळाला असेल. परंतु भविष्यनिर्वाह निधी होता, रजा होती, आजारपणात दवाखाना होता. १ नोव्हेंबर २००० रोजी छत्तीसगड राज्य झाले, रायपूर राजधानी बनले, नवी महाविद्यालये निघाली, नवे शहर उभे राहिले. मात्र त्या महाविद्यालयांतून बाहेर पडणाऱ्या सर्वांना सामावून घेईल एवढा कायम रोजगार उभा राहिला नाही. उरला ऊर्ल्या-सिलतऱ्याच्या लोखंडी कारखान्यांतील ठेकेदारीचा पगार, किंवा पुण्या-बंगळूरची गाडी. ज्यांना घर सोडवत नाही अथवा सोडता येत नाही, त्यांनी खोलीतच कारखाना थाटला. याला ‘स्वेच्छा’ म्हणण्यापूर्वी दुसरा पर्याय कोणता होता, हे विचारले पाहिजे.

दोन प्रकारची गिऱ्हाइके

या कारागिराची गिऱ्हाइके दोन प्रकारची असतात. पहिले गिऱ्हाईक गावातलेच: सराफ, खासगी शिकवणीवर्ग, छोटे इस्पितळ, साड्यांचे दुकान. काम तोंडी ठरते. निम्मी रक्कम आगाऊ मिळाली तर नशीब. त्यानंतर ‘एवढा एक छोटासा बदल’ सुरू होतो. रंग बदला, छायाचित्र बदला, मजकूर बदला. आणि प्रत्येक बदल पूर्वी ठरलेल्या पैशांतच. ‘आधी साइट सुरू करून द्या, मग हिशेब करू,’ हे वाक्य ऐकले नाही असा वेबडिझाइनर विरळा. साइट सुरू झाल्यावर कारागिराच्या हातात दाब आणण्याचे कोणतेच साधन उरत नाही. उलट वर्ष उलटले की डोमेन आणि होस्टिंगचे नूतनीकरण विसरले गेले म्हणून दोषही त्याच्याच माथी येतो.

दुसरे गिऱ्हाईक सातासमुद्रापलीकडचे. ते कंपन्यांच्या बाजारमंचावरून येते. न्यूयॉर्कमध्ये सकाळ उजाडते तेव्हा रायपुरात संध्याकाळ झालेली असते. म्हणून या कारागिराची रात्र हीच कामाची पाळी ठरते. एकाच कामासाठी रायपूरचा, मनिलाचा, लाहोरचा आणि नैरोबीचा कारागीर एकमेकांच्या खाली बोली लावतात. बाजार चालविणारी कंपनी मात्र प्रत्येक सौद्यातून आपला वाटा घेते. फायव्हर ही कंपनी कारागिराच्या मोबदल्यातून वीस टक्के कापून घेते. अपवर्कने मे २०२५ पासून नव्या करारांवर शून्य ते पंधरा टक्क्यांपर्यंत बदलती कपात लागू केली आहे, आणि तेथे बोली लावण्यासाठीदेखील कारागिरालाच पैसे मोजावे लागतात. समजा, वीस हजार रुपयांचे काम वीस टक्के कपातीने मिळाले, तर चार हजार प्रथमच गेले. उरलेल्या सोळा हजारांतून संगणकाची झीज, वीज, इंटरनेट, सॉफ्टवेअरचे भाडे आणि काम शोधण्यात गेलेले बिनमोबदल्याचे दिवस वजा करावयाचे. कारखानदार जो खर्च स्वतः करीत असे, तो सारा येथे श्रमिकाच्या अंगावर टाकला गेला आहे.

तो श्रमिक की मालक?

येथे एक आक्षेप हमखास घेतला जातो. संगणक ज्याच्या मालकीचा, जो स्वतःचा दर सांगतो, ज्याच्यावर मुकादम नाही, तो कामगार कसा? तो तर छोटा मालक. हा आक्षेप उडवून लावण्याजोगा नाही. त्याचे उत्तर नीट दिले पाहिजे.

उत्तर एका साच्यात बसत नाही. जो गावातील दुकानदाराला थेट साइट करून देतो, तो कारागीर आहे. तो दुकानदार त्याचे पैसे बुडवतो हा अन्याय खराच. पण केवळ तेवढ्याने तो दुकानदार भांडवलदार आणि हा मजूर ठरत नाही. जो दोन पोरांना हाताशी धरून त्यांच्याकडून काम करवून घेतो आणि फरक खिशात टाकतो, तो ठेकेदार होण्याच्या वाटेवर आहे. परंतु ज्याची रोजीरोटी बाजारमंचावर अवलंबून आहे, त्याची गोष्ट निराळी. त्याचे गिऱ्हाईक, त्याची गुणपत्रिका, त्याचे पैसे आणि त्याचे खाते कंपनीच्या हातात असते. खाते बंद झाले की वर्षानुवर्षे जमविलेला नावलौकिक एका क्षणात पुसला जातो. संगणक त्याचा असला तरी बाजार त्याचा नाही. ‘कॅपिटल’च्या पहिल्या खंडात मार्क्सने कामागणिक मजुरीचे विवेचन करताना दाखविले आहे की, या पद्धतीत मुकादमाची गरजच कमी होते, श्रमिक आपण होऊन आपले तास वाढवितो. शंकर नगरातील खोलीत रात्री दोन वाजता जळणारा दिवा दुसरे काय सांगतो?

आपल्याकडे याला जुने उदाहरण आहे. विडीसाठी लागणारा तेंदूपत्ता छत्तीसगडच्या जंगलांतून मोठ्या प्रमाणावर जातो. ती पाने घेऊन सोलापुरात, सिन्नरला, निपाणीला स्त्रिया घरी विड्या वळत आल्या. कात्री त्यांची, सूप त्यांचे, घर त्यांचे. विडी कारखानदारही हेच म्हणत होते की या आमच्या कामगार नव्हेत. १९६६ च्या विडी व सिगार कामगार कायद्याने घरी काम करणाऱ्यांनाही कामगार मानले, आणि १९७४ साली सर्वोच्च न्यायालयाने तो कायदा ग्राह्य ठरविला. मालकाने दिलेल्या व्याख्येपुढे मान न तुकविता चळवळीने कायद्याची व्याख्या बदलविली, हा त्या लढ्याचा धडा आहे.

कायदा काय देतो, काय देत नाही

२१ नोव्हेंबर २०२५ पासून चारही श्रमसंहिता अमलात आल्या. १९६६ चा विडी कायदाही त्यांच्या पोटात गेला. २०२० च्या सामाजिक सुरक्षा संहितेत ‘गिग कामगार’ हा शब्द प्रथमच आला; पण व्याख्या अशी की, पारंपरिक मालक-कामगार संबंधाबाहेर काम करणारा. म्हणजे नाव दिले आणि त्याच वाक्यात मालकाची जबाबदारी सोडवून टाकली. बाजारमंच चालविणाऱ्या कंपन्यांनी वार्षिक उलाढालीच्या एक ते दोन टक्के, आणि तेही कामगारांना दिलेल्या रकमेच्या पाच टक्क्यांच्या मर्यादेत, निधीत भरावयाचे आहेत. किमान वेतन, कामाचे तास, सामुदायिक वाटाघाटी यांचा हक्क या नावाबरोबर येत नाही. नीती आयोगाने जून २०२२ च्या अहवालात २०२०-२१ मधील अशा कामगारांची संख्या ७७ लाख धरली होती आणि २०२९-३० पर्यंत ती २ कोटी ३५ लाख होईल असा अंदाज केला होता. चर्चेत मात्र मोटारसायकलवरून डबे पोहोचविणाराच असतो. खोलीत बसलेला वेबडिझाइनर कोणाच्या नजरेस पडत नाही.

दुसरा एक कायदा त्याच्या उपयोगी पडू शकतो. तो त्याला ठाऊक मात्र नसतो. २००६ च्या सूक्ष्म, लघु व मध्यम उद्योग कायद्यानुसार नोंदणी झालेल्या सूक्ष्म उद्योगाचे पैसे लेखी करार असल्यास जास्तीत जास्त ४५ दिवसांत, करार नसल्यास १५ दिवसांत देणे बंधनकारक आहे. विलंब झाल्यास रिझर्व्ह बँकेच्या दराच्या तिप्पट दराने चक्रवाढ व्याज द्यावे लागते, आणि दाद मागण्यासाठी राज्यात सुविधा परिषद असते. हे हत्यार जरूर वापरावे. तथापि त्यातील विरोधाभास विसरू नये: आपल्या श्रमाचे दाम मागण्यासाठी श्रमिकाला प्रथम ‘उद्योजक’ म्हणून नाव नोंदवावे लागते.

परदेशांतही हा प्रश्न संघटित दबावानेच पुढे सरकला. न्यूयॉर्क शहरात मे २०१७ पासून आठशे डॉलर वा अधिक रकमेच्या मुक्त कामाला लेखी करार सक्तीचा झाला आणि करारात तारीख नसल्यास काम संपल्यापासून तीस दिवसांत पैसे देण्याचे बंधन आले. ऑगस्ट २०२४ मध्ये ती तरतूद संपूर्ण न्यूयॉर्क राज्याला लागू झाली.

फावल्या वेळचे उद्योग

या कारागिरांच्या जीवनात आणखी एक गोष्ट आहे, जिची थट्टा करण्याचा मोह कार्यकर्त्यांनी टाळावा. जवळपास प्रत्येकाचा एखादा स्वतःचा ‘प्रकल्प’ असतो. कोणी छत्तीसगडी शब्दांचा कोश संगणकावर चढवितो, कोणी देवनागरी अक्षरवळण घडवितो, कोणी छोटे उपयुक्त सॉफ्टवेअर रचून पाहतो. भांडवली प्रचार त्याला सांगतो की, यातूनच तू उद्या कोट्यधीश होशील. ते बहुधा घडत नाही. काम नसलेल्या दिवसांची भीती झाकण्याचेही ते एक साधन असते. तरीदेखील त्यात मौल्यवान असे काही आहे: गिऱ्हाइकाच्या हुकमाशिवाय, विक्रीसाठी नव्हे तर उपयोगासाठी काही निर्माण करण्याची माणसाची भूक.

स्वतः वेब ही अशाच वृत्तीची देणगी होय. टिम बर्नर्स-ली यांनी १९८९ साली जिनिव्हाजवळील सर्न या संशोधनसंस्थेत तिची कल्पना मांडली, आणि ३० एप्रिल १९९३ रोजी सर्नने ती कोणतेही स्वामित्वशुल्क न घेता जगाला खुली केली. २००३ मध्ये निघालेले वर्डप्रेस हे मुक्त सॉफ्टवेअर आज जगातील चाळीस टक्क्यांहून अधिक वेबसाइटींच्या मुळाशी आहे, आणि ते घडविण्यात असंख्यांचे विनामूल्य श्रम आहेत. सामाजिक श्रमाने उभारलेल्या या पायावर खासगी जकातनाकी बसली, ही खरी गोष्ट. आता याच कारागिरांनी जगासमोर मांडलेल्या कामावर पोसलेली कृत्रिम बुद्धिमत्ता त्यांचे दर पाडण्यासाठी पुढे केली जात आहे. दोष यंत्राचा नव्हे. यंत्र कोणाच्या मालकीचे, हा प्रश्न आहे.

संघटनेची वाट

काय करावयास हवे? महाराष्ट्राने १९६९ साली माथाडी कायदा केला. हमालाला एक मालक नसतो. रोज निराळा व्यापारी. म्हणून त्रिपक्षीय मंडळे स्थापन झाली, कामगारांची नोंद झाली, मजुरी मंडळामार्फत मिळू लागली आणि तिच्यावरील अधिभारातून भविष्यनिर्वाह निधी व औषधोपचाराची सोय झाली. अनेक मालक असलेल्या श्रमिकालाही संरक्षण देता येते, हे त्या कायद्याने सिद्ध केले. संगणकावरील मुक्त कारागिरांसाठी त्याच धर्तीचे मंडळ, लेखी कराराची सक्ती, आणि खाते बंद करण्यापूर्वी कारण व सुनावणी, या मागण्या आज उचलता येतील. कर्नाटकात २०१७ साली माहिती-तंत्रज्ञान कर्मचाऱ्यांची संघटना नोंदली गेली. म्हणजे संगणकापुढे बसणारे संघटित होत नाहीत हे म्हणणे खोटे पडले आहे.

छत्तीसगडच्या मातीला हे नवे नाही. १९७७ साली दल्ली-राजहऱ्याच्या ठेकेदारी खाणकामगारांना प्रस्थापित संघटनांत आपली जागा दिसली नाही, तेव्हा त्यांनी शंकर गुहा नियोगी यांच्यासह वेगळी संघटना उभारली. १९८३ मध्ये त्याच कामगारांच्या वर्गणीतून व श्रमातून शहीद इस्पितळ उभे राहिले. कायम कामगारांच्या फाटकापाशीच थांबणारी चळवळ फाटकाबाहेरच्यांना गमावते, हा त्या वर्षाचा कडू धडा आहे. आज तर फाटकच उरलेले नाही. खोल्यांतून विखुरलेल्या या श्रमिकांकडे जाण्यासाठी दार ठोठावावे लागेल. थकलेल्या बिलाचा अर्ज लिहून देण्यापासून आरंभ करावा लागेल. शंकर नगरातील तो दिवा एकट्याचा आहे तोवर तो केवळ जागरणाचा दिवा आहे. शेजारच्या खोलीतील दिव्याशी त्याची ओळख झाली, की तेथून संघटनेचा आरंभ होतो.