विद्यापीठ ग्राहक की भागीदार?

संगणकाची आज्ञावली कोणाच्या मालकीची असावी हा तंत्रज्ञांचा प्रश्न आहे, समाजवाद्यांनी त्यात कशाला पडावे, असे कुळगावच्या अभ्यासवर्गात एका साथींनी मला विचारले. उत्पादनसाधनांच्या मालकीवर जन्मभर बोलणाऱ्या चळवळीत हा प्रश्न विचारला जावा, याचेच मला नवल वाटले.

आज आज्ञावली हेच अभियंत्याचे, हिशेबनिसाचे आणि संशोधकाचे अवजार आहे. एकदा तयार झाल्यावर तिची दुसरी प्रत काढण्यास जवळजवळ काहीच खर्च येत नाही. तरीही कंपन्या प्रत्येक प्रतीचे शुल्क दरसाल घेतात, कारण मूळ संहिता त्यांच्या तिजोरीत असते. कसणाऱ्याकडून जमीनदार घेई तोच हा खंड! मुक्तस्रोत आज्ञावलीची संहिता मात्र कोणालाही वाचता, सुधारता व वाटता येते.

ही साधने बहुतांशी विद्यापीठांच्या आश्रयाने वाढली. विजेच्या सर्किटांची गणिती चाचणी घेणारी ‘स्पाइस’ १९७० नंतरच्या दशकात कॅलिफोर्निया विद्यापीठात, बर्कली येथे घडली. १९९१ मध्ये ‘लिनक्स’ सुरू केली ती हेलसिंकी विद्यापीठाच्या एका विद्यार्थ्याने. आपल्याकडे पवईच्या आयआयटीत केंद्र सरकारच्या निधीतून ‘फॉसी’ प्रकल्प उभा राहिला. ‘स्पाइस’च्याच वारशावर त्याने ‘ईसिम’ ही आज्ञावली रचली. पाठ्यपुस्तकांतील उदाहरणे ‘सायलॅब’मध्ये सोडवून देण्याचे काम त्याने देशभरच्या महाविद्यालयीन विद्यार्थ्यांकडे सोपविले आणि त्याचे मानधनही दिले. प्रा. कन्नन मौदगल्य यांच्या पुढाकाराने निघालेले ‘स्पोकन ट्युटोरियल’चे पाठ मराठीतही आहेत.

हे कार्य मोलाचे आहे. तथापि उल्हासनगर-अंबरनाथ-बदलापूर पट्ट्यातील सामान्य महाविद्यालय त्यात भागीदार होणार की केवळ लाभार्थी राहणार? भागीदारीच्या नावाने आज होतात ते सामंजस्य करार आणि छायाचित्रे. कंपनी विद्यार्थ्यांना फुकट परवाना देते. तो पदवीबरोबर संपतो, सवय तेवढी उरते. मी शिकवीत होतो तेथे सांख्यिकीच्या आज्ञावलीचा परवाना सत्राच्या मध्येच संपला आणि उरलेली प्रात्यक्षिके आम्ही फळ्यावर उरकली. हे परावलंबन नव्हे तर काय?

मुक्तस्रोत प्रकल्पांना स्वयंसेवक पुरेत, विद्यापीठ कशाला, असाही एक युक्तिवाद आहे. परंतु नोकरी लागली की स्वयंसेवक पांगतात. विद्यापीठात दर जूनला नवी तुकडी येते. चुका शोधणे, माहितीपुस्तिका लिहिणे, मराठी रूपांतर करणे ही कामे तिला देता येतात. अर्थात विद्यार्थीही सत्र संपताच निघून जातो. म्हणून कामाचा धागा धरून ठेवणारा प्राध्यापक हवा, आणि हे काम त्याच्या कार्यभारात मोजले गेले पाहिजे.

महाराष्ट्राला अशी भागीदारी परकी नाही. १९५० च्या सुमारास प्रवरेचा सहकारी साखर कारखाना उभा राहिला, तेव्हा विठ्ठलराव विखे पाटलांच्या जोडीला धनंजयराव गाडगीळांसारखे अर्थशास्त्रज्ञ होते. पुढे याच सहकारातून साखरसम्राटही निपजले, हे मात्र विसरता कामा नये. सामुदायिक श्रमांचे फळ खाजगी तिजोरीत जाऊ नये, यासाठी नियम आधीच बांधावे लागतात.

म्हणून आपल्या मागण्या स्पष्ट असाव्यात. २०२० च्या शैक्षणिक धोरणानंतर प्रत्यक्षानुभवाला आणि क्षेत्रप्रकल्पांना श्रेयांक मिळू लागले आहेत. ते मुक्तस्रोत कामालाही मिळावेत. विद्यार्थ्यांच्या श्रमातून झालेली संहिता मुक्त परवान्याखालीच राहील, ही अट प्रत्येक करारात असावी. आणि सार्वजनिक पैशाने खाजगी परवाना घेण्यापूर्वी मुक्त पर्याय तपासणे विद्यापीठावर बंधनकारक असावे.

विद्यापीठाच्या अधिसभेत नोंदणीकृत पदवीधरांचे प्रतिनिधी बसतात. त्यांच्या निवडणुकीत आपण मते मागतो. तेथे हा ठराव मांडणे आपले कर्तव्य नाही काय? अंबरनाथच्या औद्योगिक वसाहतीतला छोटा कारखानदार आणि कुळगावहून रोज लोकलने जाणारा विद्यार्थी, दोघांनाही हे अवजार खंड न भरता हवे आहे. साथींनो, पदवीधरांची नोंदणी करताना हा प्रश्न घरोघर घेऊन जा.