न उगवलेली भेंडी



काही वर्षांपूर्वी नाशिक जिल्ह्यातील एका शाळेचे विज्ञान प्रदर्शन पाहण्याचा योग आला. डिसेंबरचे दिवस होते. इयत्ता नववीतील एका मुलीने परसबागेच्या प्रयोगाची वही माझ्यापुढे ठेवली. अक्षर सुरेख, आकृत्या रेखीव. वहीत लिहिले होते : 'भेंडीच्या १० बिया पेरल्या. आठव्या दिवशी ९ उगवल्या.' मी म्हटले, ''चल, रोपे पाहू.'' ती घुटमळली. वाफ्यापाशी गेलो, तर शेजारी मेथी छान तरारलेली आणि भेंडीच्या ओळीत नुसती ओली माती! मान खाली घालून ती म्हणाली, ''सर, एकही उगवली नाही. पण तसं लिहिलं तर प्रयोग चुकला म्हणतात. गुण जातात.''

आम्ही काडीने माती उकरली. दोन बिया सापडल्या. मऊ पडलेल्या, पांढुरक्या बुरशीने वेढलेल्या. माझ्या मते त्या दिवशी त्या शाळेत पाहण्यासारखे जे काही होते, त्यात या दोन बियांचा क्रमांक पहिला लागला असता. पण त्या मातीखाली होत्या आणि टेबलावर खोटी वही होती. असे का व्हावे, याविषयी आज तुमच्याशी आणि तुमच्या शिक्षकांशी बोलायचे आहे.

''थंडीत भेंडी येत नाही,'' असे घरातील वडीलधारी माणसे सांगतात. ते खरेच आहे. आपल्याकडे भेंडीची पेरणी खरिपात जून-जुलैमध्ये करतात, आणि उन्हाळी भेंडी थंडी ओसरू लागल्यावर, म्हणजे साधारण १५ जानेवारीपासून फेब्रुवारीअखेरपर्यंत पेरतात. पिढ्यान् पिढ्यांच्या अनुभवाचे हे सार आहे. पण विज्ञानाचा विद्यार्थी एवढ्यावर थांबत नाही. थंडी म्हणजे किती अंश? हवेची की मातीची? आणि 'येत नाही' म्हणजे नेमके काय? बी उगवत नाही, रोप वाढत नाही, की फळ धरत नाही? हे प्रश्न विचारले की म्हणीचे रूपांतर प्रयोगात होते.

पहिला प्रश्न घेऊ. भेंडी ही कपाशी, अंबाडी आणि जास्वंद यांच्या कुळातील, उष्ण प्रदेशातील वनस्पती. तिचे बी जमिनीतून वर यायला किती दिवस लागतात, हे वेगवेगळ्या तापमानांना मोजलेले आहे. माती ३५ अंश सेल्सिअस असेल तर सुमारे ६ दिवस, ३० अंशांना ७, २५ अंशांना १३, २० अंशांना १७ आणि १५ अंशांना तब्बल २७ दिवस. १० अंशांना बी उगवतच नाही.

आता एक गंमत करा. ज्या १० अंशांना बी हालचाल करत नाही, ते प्रत्येक तापमानातून वजा करा आणि उरलेल्या अंशांना दिवसांनी गुणा. १५ अंशांसाठी ५ गुणिले २७ म्हणजे १३५. २० अंशांसाठी १७०, २५ साठी १९५, ३० साठी १४० आणि ३५ साठी १५०. दिवसांचा आकडा ६ पासून २७ पर्यंत साडेचार पटींनी बदलला. गुणाकार मात्र १३५ ते १९५ यांच्या दरम्यानच राहिला! जणू बियाने उष्णतेचे एक खाते उघडले आहे. रोज थोडी थोडी उष्णता जमा होते आणि खात्यात साधारण १६० जमले की कोंब वर येतो. वनस्पतीची वाढ अशा उष्णतेच्या बेरजेने मोजावी, ही कल्पना फ्रेंच शास्त्रज्ञ रेओम्यूर याने १७३५ मध्ये मांडली. आजही पिकांचे अंदाज बांधताना ती वापरतात. गुणाकार अगदी सारखा येत नाही, हेही लक्षात ठेवा. नियम ढोबळ आहे, म्हणून तो टाकाऊ ठरत नाही.

आता त्या मुलीच्या वाफ्याकडे वळू. समजा, दिवसरात्र मिळून तेथील मातीची सरासरी १८ अंश होती. मग रोज खात्यात फक्त ८ जमा. १६० व्हायला २० दिवस लागणार. जूनमध्ये सरासरी २८ असेल, तर तेच काम ९ दिवसांत होते. ओल्या, गार मातीत तीन आठवडे पडून राहिलेल्या बियाला बुरशी सोडत नाही. म्हणजे बी नुसत्या थंडीने मेले नाही. थंडीने त्याला उशीर झाला आणि त्या उशिरात बुरशीने डाव साधला. मेथीला मात्र ही थंडी मानवते. ती चटकन उगवून मोकळी होते.

दुसरा प्रश्न हवा आणि माती यांचा. निफाडचा पारा हिवाळ्यात कधी कधी ५ अंशांच्याही खाली उतरल्याचे तुम्ही वर्तमानपत्रांत वाचता. ते तापमान जमिनीपासून सुमारे सव्वा मीटर उंचीवरील हवेचे असते. बी मात्र दोन सेंटिमीटर खोल मातीत असते. म्हणून तापमापी मातीत धरली पाहिजे. काडीने आधी भोक पाडा आणि मग तापमापी हलकेच सरकवा. दाबून खुपसली तर ती फुटेल. पहाटे आणि दुपारी अशा दोन नोंदी रोज घ्या.

रोप उगवल्यावरही थंडी त्याला त्रास देते, याचा पुरावा स्वयंपाकघरात मिळतो. चार भेंड्या शीतकपाटात आणि चार बाहेर टोपलीत ठेवा. बाहेरच्या भेंड्या सुकतील, निबर होतील. पण आठवडाभराने आतल्या भेंड्यांवर खड्डे आणि काळपट डाग दिसू लागतील. पाणी तर गोठलेले नाही, मग इजा कशाने झाली? हिवाळ्यात खोबरेल तेल कसे थिजते ते आठवा. पेशीभोवतीच्या पातळ पटलातही मेदद्रव्ये असतात. उष्ण प्रदेशातील वनस्पतींमध्ये ही पटले गारठ्याने ताठरतात, त्यांचे काम बिघडते आणि आतील द्रव झिरपू लागतात. गहू किंवा हरभरा यांच्या पेशी अशा गारठ्याला तोंड देऊ शकतात. भेंडीच्या देऊ शकत नाहीत.

एवढे कळले की उपायही आपोआप सुचतात. बी रात्रभर कोमट पाण्यात भिजत घालावे, म्हणजे त्याचे टणक कवच मऊ होते. कागदाच्या पेल्यात माती भरून बी पेरावे आणि पेला स्वयंपाकघरातील उबदार जागी ठेवावा. कोंब दिसताच तो उजेडात आणावा. भेंडीचे सोटमूळ दुखावलेले तिला खपत नाही. म्हणून रोप उपटू नये, पेल्याचा तळ फाडून पेल्यासकट लावावे. वाफा उंच करावा, म्हणजे पाणी साचत नाही. हिवाळ्यात सूर्य दक्षिणेकडे कललेला असतो, तेव्हा दक्षिणेकडे तोंड असलेल्या भिंतीलगतची जागा निवडावी. मातीवर काळे प्लास्टिक अंथरावे, रात्री रोपांवर पारदर्शक कागदाचे छप्पर घालावे आणि पाणी संध्याकाळी न देता सकाळी द्यावे.

इंग्लंडात भेंडी पिकवू पाहणारी माणसे काचघर वापरतात, ते याच कारणासाठी. तेथे आणखी एक अडचण असते. लंडनला जूनमधील दिवस साडेसोळा तासांचा असतो. भेंडीच्या काही जाती दिवस लहान असेल तरच वेळेवर फुलतात. त्या तेथे नुसत्या पानांनी माजतात आणि फूल लांबणीवर पडते. म्हणजे ऊब पुरवूनही 'येत नाही'चे दुसरे कारण शिल्लक राहतेच!

तुम्ही म्हणाल, हंगामात सहज येणारी भाजी थंडीत पिकवण्याचा अट्टाहास कशाला? भाजीसाठी मुळीच करू नका. भाजीला मेथी, हरभरा, मुळा आहेतच. विकण्यासाठी तर हा मार्ग महागच पडेल. पण शिकण्यासाठी ४० बिया पुरतात. १० उघड्या वाफ्यात, १० काळ्या प्लास्टिकखाली, १० घरातील पेल्यांत. आणि उरलेल्या १० जपून ठेवून जूनमध्ये त्याच वाफ्यात पेरा. जून-जुलैमध्ये पेरलेल्या भेंडीतून, भेंडी उगवते एवढेच कळते. डिसेंबरमधील भेंडी ती कशामुळे उगवते, ते सांगते.

शिक्षकबंधूंना आणि भगिनींना माझी विनंती आहे. गुण पिकाला देऊ नका, नोंदीला द्या. '१० पेरल्या, ० उगवल्या, मातीचे तापमान पहाटे इतके, दुपारी इतके, बाविसाव्या दिवशी उकरून पाहिले तेव्हा बी कुजलेले' अशी नोंद ज्या वहीत असेल, तिला पूर्ण गुण द्यावेत. अपेक्षित उत्तर लिहिण्याची सवय नववीत लागली, तर ती पुढे प्रयोगशाळेत, दवाखान्यात आणि कारखान्यातही माणसाबरोबर जाते. तेथे खोट्या आकड्याची किंमत दहा बियांपेक्षा फार मोठी असते.

आणि मित्रांनो, तुम्हीही भिऊ नका. शून्य हाही एक आकडाच आहे. तो जसा आला तसा लिहा, खाली तारीख आणि तापमान लिहा. मग काडी घ्या आणि उकरून पाहा.