गेटच्या आत केंद्र, गेटच्या बाहेर राज्य

मी गोदीत माल उचलतो. मोठी बंदरं घटनेच्या केंद्रसूचीत, म्हणून गोदी दिल्लीची. पाळी संपवून गेटबाहेर पाय टाकला की समोरचा पोलीस राज्याचा. म्हणजे रोज दोनदा मी संघराज्याची हद्द ओलांडतो, खांद्यावर टॉवेल टाकून. आमची वस्ती ज्या जमिनीवर आहे ती केंद्राची. नळ मागायला गेलो तर एक कचेरी म्हणते, जमीन त्यांची, त्यांची परवानगी आणा. दुसरी म्हणते, पाणी देणं आमचं काम नाय. घटना दोघांनाही तोंडपाठ!

म्हणून दोस्तांनो, 'राज्यांच्या अधिकारावर घाला' म्हणत कुणी गळा काढला की मी आधी बघतो, गडी आज दिल्लीच्या खुर्चीत आहे की खुर्चीबाहेर.

१९७७ साली जनता पक्ष दिल्लीत आला आणि ३० एप्रिलला नऊ राज्यांतली काँग्रेसची सरकारं घरी गेली. सबब काय? लोकसभेत हरलात, म्हणजे राज्यातही लोकांचा विश्वास उडाला. आणीबाणीत स्वतःच्याच मुख्यमंत्र्यांना नंदीबैलासारख्या माना हलवायला लावणाऱ्या काँग्रेसला त्या दिवशी एकदम संघराज्य आठवलं. मग १७ फेब्रुवारी १९८०. इंदिरा गांधी परत आलेल्या. सबब तीच, आकडाही तोच, नऊ. आता बोंब मारायची पाळी जनतावाल्यांची. १९७७ च्या त्या मंत्रिमंडळात वाजपेयी-अडवाणी होते. बाबरी मशीद पाडल्यावर डिसेंबर १९९२ मध्ये त्यांच्या पक्षाची राज्यं गेली तेव्हा त्यांना लोकशाहीचा खून दिसला, आणि २०१६ साली दिल्ली हातात असताना त्याच पक्षानं उत्तराखंडात तेच ३५६ कलम लावलं. कोर्टानं ते उलटवलं ही गोष्ट वेगळी. हे कलम कागदावरच मरून पडावं अशी आशा बाबासाहेबांनी १९४९ साली घटना समितीत बोलून दाखवली होती. यांनी ते पाळलेल्या कुत्र्यासारखं दाराशी बांधलं.

पण हे त्यांचं आपसातलं भांडण. आपला हिशेब पुढेच आहे.

१९८० च्या त्या नऊ राज्यांत महाराष्ट्र होता. शरद पवारांचं पुलोद सरकार गेलं, तेव्हा इथंही स्वाभिमानाची ओरड झाली. त्याआधी दीड वर्ष, २७ जुलै १९७८ ला, याच सरकारच्या काळात मराठवाडा विद्यापीठाला बाबासाहेबांचं नाव देण्याचा ठराव दोन्ही सभागृहांत झाला होता. विद्यापीठ राज्याच्या अखत्यारीतलं. दिल्लीला विचारायची गरज नव्हती. पोलीसही राज्याचेच. तरी मराठवाड्यात आपली घरं पेटली, नांदेड जिल्ह्यात पोचिराम कांबळेंचा जीव घेतला, आणि ठराव फायलीत झोपला. माझा तेव्हा जन्मही नव्हता. आईच्या माहेरी अजून त्या पावसाळ्याचं नाव काढलं की म्हाताऱ्या गप्प होतात.

बरं, राज्य नालायक ठरलं, मग केंद्र? फेब्रुवारी ते जून १९८० महाराष्ट्रात राष्ट्रपती राजवट होती. जवळजवळ चार महिने मंत्रालयाच्या किल्ल्या दिल्लीकडे. विधानसभेची अडचण नाही, आमदार रुसायची भीती नाही. एका पाटीवरचं नाव बदलायला याहून मोकळं रान कुठलं? बदललं नाही. पुढं काँग्रेस दिल्लीतही आली, मुंबईतही आली. तरी नाही. नामविस्तार झाला १४ जानेवारी १९९४ ला. तोही नामांतर नव्हे, 'मराठवाडा' तसंच ठेवून. साडेपंधरा वर्षं! या काळात अधिकार कुणाकडे नव्हता असा एक दिवस कुणी दाखवावा.

आता पुन्हा सभा होतायत. एक पार्टी म्हणते दिल्ली राज्याचा पैसा अडवते, दुसरी म्हणते राज्य दिल्लीच्या योजना अडवतं. दोघंही खरं बोलत असतील. मी सभेला जातो, पहिल्या रांगेत बसतो आणि विचारतो, तुमच्या हातात होतं तेव्हा आमचं काय केलंत? अजून एकानंही माईक दिलेला नाय.

नळाचा अर्ज पुन्हा लिहिलाय. या खेपेला दोन प्रती. दोन्ही कचेऱ्यांत एकाच दिवशी देणार आणि पोच घेतल्याशिवाय उठणार नाय. सोमवारी माझी रात्रपाळी आहे, सकाळी मोकळा असतो. ज्यांना यायचंय त्यांनी गोदीच्या गेटाशी यावं, बाहेरच्या बाजूला.